पाच जणांनी मिळून दिवाळी अंक काढायचाय? मग आधी एक कागद भरा

दरवर्षी जूनमध्ये, पहिला पाऊस होऊन गेला की कोणाचा ना कोणाचा मेसेज येतोच, "आम्ही मित्रमंडळी मिळून यंदा दिवाळी अंक काढतोय, तुम्ही कागद कुठला वापरता?" आतल्या पानांना ७० जीएसएमचा मॅपलिथो, कव्हरला आर्ट कार्ड, झालं, दहा सेकंदात उत्तर संपलं. पण कागदामुळे बंद पडलेला अंक मी अजून बघितला नाहीये. हौशी अंक बंद पडतात ते दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वर्षी, कारण विचारलं की "वेळच मिळत नाही हो" असं सांगतात, आणि मग त्यातल्या दोघांना वेगवेगळं भेटलं की कळतं की आता ते एकमेकांच्या घरच्या कार्यालाही जात नाहीत.

आमचे सहा अंक झाले. पाच जण आहोत, कॉलेजपासूनचे. दोघं पुण्यात, म्हणजे मी आणि आमची प्रूफवाली (शाळेत मराठी शिकवते, तिच्यासमोर बोलतानाही आम्ही जपून बोलतो), एक नाशिकला बँकेत, एक सांगलीत, आणि एक म्युनिकला, ती मांडणी करते. पाचपैकी कोणीही पूर्णवेळ या धंद्यातलं नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला चकलीच्या ताटाशेजारी अंक लागतो, आणि माझी खात्री आहे की तेव्हापासूनच दर ऑक्टोबरमध्ये कोणीतरी कोणावर तरी चिडून बसलेलं असतं. आम्हीही बसलो आहोत. पहिल्या वर्षी तर असे की अंक हातात आला आणि पाचातले दोघं प्रकाशनाला आलेच नाहीत.

म्हणून आता जे विचारतात त्यांना मी कागदाचं नाही, पहिल्या बैठकीचं सांगतो.

पहिली बैठक: काम नंतर वाटा, आधी शेवटचा शब्द वाटा

सगळे काम वाटून घेतात. तू जाहिराती बघ, मी कविता मागवतो, ती प्रूफं वाचेल. हे सोपं असतं, त्यात कोणी भांडत नाही. भांडण होतं ते दोघांची मतं वेगळी पडली की कोणाचं चालणार, यावरून, आणि ते कोणीच आधी ठरवलेलं नसतं कारण मित्रामित्रांत असलं काही ठरवणं जरा ऑकवर्ड वाटतं. आमचं पहिल्या वर्षी ब्रीदवाक्य होतं, "सगळं सगळ्यांनी मिळून ठरवू." ऐकायला किती छान. मुखपृष्ठाचे दोन नमुने आले होते, एक हिरवा एक निळा. मतं घेतली, दोन-दोन आणि पाचवा म्हणाला दोन्ही चांगले आहेत. मग हिरव्यात थोडा निळा घालून बघू. मग चित्रकाराने तेही करून दिलं. मग कोणाची तरी बायको म्हणाली की दोन्हीपेक्षा पहिलंच बरं होतं. सतरा दिवस गेले यात, सतरा, मी नंतर चॅट उघडून मोजलेत, आणि शेवटी जे छापलं ते पाचातल्या एकालाही आवडलेलं नव्हतं. निळं होतं. मी हिरव्याच्या बाजूचा.

आता आम्ही जूनच्या पहिल्या बैठकीत एक कागद भरतो. खरा कागद, पेनाने. त्यावर डावीकडे गोष्टी आणि उजवीकडे एकेकच नाव. साहित्याची निवड, भाषा आणि प्रूफं, मांडणी, मुखपृष्ठ, पैसे, छापखान्याशी बोलणं, जाहिरातदारांशी बोलणं. ज्याचं नाव त्याचा शेवटचा शब्द. बाकीच्यांनी बोलायचं, भरपूर बोलायचं, पण ठरलेल्या तारखेपर्यंत. नंतर तोंड बंद आणि चेहराही नीट. (हा चेहऱ्याचा नियम प्रूफवालीने घातलाय, माझ्याकडे बघून.) ज्याचा शेवटचा शब्द आहे त्याने सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, पण मतं मोजायची नाहीत. हे महत्त्वाचं आहे, कारण मतं मोजायला लागलात की जबाबदारी कोणाचीच राहत नाही, सगळं "आपलं ठरलं होतं" होतं.

एकच अपवाद ठेवलाय, एखादा मजकूर कोणाची बदनामी करणारा किंवा कोणाच्या जातीधर्मावर घसरणारा वाटला तर पाचपैकी कोणीही एकटा तो थांबवू शकतो, कारण द्यायचं पण समोरच्याला पटवायची गरज नाही. सहा वर्षांत हा एकदाच वापरला.

आणि घरचं साहित्य. हे आधीच ठरवा, हात जोडून सांगतो. पाच जण अंक काढतायत म्हटल्यावर त्यातल्या तिघांच्या वहीत कविता असतातच, आणि चौथ्याच्या काकांच्या. आमचा नियम असा की आपलं किंवा आपल्या नात्यातल्याचं साहित्य चर्चेला आलं की आपण कॉल सोडायचा, खरंच लाल बटण दाबून सोडायचा, म्यूट करून बसायचं नाही. नाकारलं तर कारण निवड करणाऱ्याने त्या काकांना स्वतः कळवायचं, पुतण्याच्या गळ्यात ते घालायचं नाही. माझी एक कथा अशीच नाकारली गेलीये, चौथ्या वर्षी. दोन दिवस फुगलो होतो, मग परत वाचली, बरं झालं छापली नाही.

कॅलेंडर उलटं मोजा

दिवाळी दरवर्षी जागा बदलते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी वेळापत्रक करताना सगळे मागच्या वर्षीच्या तारखा कॉपी करतात. २०२२ ला लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, पुढच्या वर्षी अधिक श्रावण आला म्हणून ते थेट १२ नोव्हेंबरला गेलं. म्हणजे जवळजवळ तीन आठवड्यांचा फरक. म्हणून तारखा नका लिहू, सण लिहा. दसऱ्याला फाइल छापखान्यात, कोजागरीच्या आसपास अंक बांधून हातात, मग दिवाळीपर्यंत जेमतेम पंधरा दिवस उरतात ते पाकिटं भरायला आणि कुरिअरला. याच्या मागे जायचं, पितृपक्षात प्रूफं (त्या पंधरवड्यात लोकांच्या घरी कार्यं, खरेद्या कमी असतात, फोन उचलतात, कामाला उत्तम काळ), गणपतीत कोणीही काहीही करणार नाही हे गृहीत धरायचं, आणि लेखकांना शेवटची तारीख गणपतीच्या निदान दोन आठवडे आधीची.

खोटी शेवटची तारीख देऊ नका. म्हणजे मनात एक आणि लेखकाला सांगायची एक. पहिली दोन वर्षं आम्ही हे केलं आणि मग काय झालं की आमच्यातल्याच सांगलीवाल्याने त्याच्या लेखकांना खरी तारीख सांगून टाकली, प्रेमापोटी, आणि माझ्या लेखकांना मी खोटी धरून ताणत होतो. त्यातले दोघं लेखक एकमेकांना ओळखणारे निघाले. पुढचं सांगत नाही.

म्युनिकवालीचं घड्याळ हाही वेळापत्रकाचाच भाग. उन्हाळ्यात ती साडेतीन तास मागे असते, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलली की साडेचार. ती ऑफिसातून येऊन जेवून लॅपटॉप उघडते तेव्हा आमच्याकडे साडेअकरा वाजलेले असतात. सुरुवातीला मी रोज जागायचो आणि सकाळी ऑफिसात सगळ्यांवर वैतागायचो. मग ठरलं, आम्ही रात्री दहापर्यंत सगळ्या दुरुस्त्या एकाच यादीत लिहून ठेवायच्या, ती रात्री करणार, आम्हाला सकाळी चहाबरोबर नवी पीडीएफ. हा इतका साधा बदल आहे पण त्याने माझा बीपी वाचला असं बायकोचं म्हणणं आहे. लांबचा माणूस सोबत असला की अडचणच, असं आधी वाटायचं, आता वाटतं की तिच्यामुळे रात्रपाळी फुकटात मिळाली.

लेखकाशी एकानेच बोलायचं

लेखकही तुमच्या टीममध्येच असतो हे लोक विसरतात. एका कथेचा आमच्याकडे असा घोळ झाला की मी लेखिकेला सांगितलं, सुरुवातीची दोन पानं काढा, गोष्ट खरी तिसऱ्या पानावर, ती बाई बस चुकवते तिथून सुरू होते. आणि त्याच आठवड्यात प्रूफवालीने तिला कौतुकाने फोन केला की सुरुवातीचं गावाचं वर्णन काय सुंदर झालंय. बिचारीने दोन्ही ऐकून कथाच मागे घेतली. चूक आमची, शंभर टक्के.

आता प्रत्येक लेखकामागे आमच्यातलं एक नाव, बाकीच्यांचं म्हणणं त्या एकाकडून जाणार. काटछाट सुचवायची असेल तर फोनवर, आणि फोन झाल्यावर जे ठरलं ते लगेच लिहून पाठवायचं, कारण फोनवर माणूस "हो हो बघतो" म्हणतो त्याचा अर्थ होकार नसतो. जाणत्या, वयाने मोठ्या लेखकांना तर आधी विचारायचं की काही सुचवलं तर चालेल का. नव्वद टक्के वेळा चालतं. विचारलं नाही म्हणूनच राग येतो.

फाइलींचा बाजार

इथे जरा थांबतो कारण मैत्री तुटण्याची निम्मी कारणं याच कपाटात सापडतात.

लेख चार प्रकारे येतात. युनिकोडमध्ये टाइप केलेले, श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीपासूनचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाइप केलेले, हाताने लिहून फोटो काढलेले, आणि व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यात पाठवलेले. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये नेताना अक्षरं फुटतात, विशेषतः 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'सुऱ्या' यांतला तो अर्धा र. तो नुसत्या रफारासारखा वर जाऊन बसतो आणि 'दुसर्या' असं काहीतरी दिसायला लागतं. कन्व्हर्ट केल्यावर पहिलं काम हेच, फाइलीत र्य आणि र्ह शोधून बघायचं. आणि इनडिझाइनमध्ये मांडणी करत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर लावलाय का ते बघा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून पडतात, आणि प्रूफवाली ते सगळं लेखकाची चूक समजून लाल करत बसते. आमच्याकडे पूर्ण एक संध्याकाळ अशी गेलीये.

पण हे तांत्रिक झालं, हे गुगल करून सुटतं. खरी गोची ही की एकाच वेळी दोघं दोन फाइलींवर काम करतात. 'कथा फायनल', 'कथा फायनल नवीन', 'कथा फायनल खरं'. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी एका निवृत्त मास्तरांची कथा होती, सुंदर कथा, आम्ही सगळ्यांत आधी निवडलेली. मी एका फाइलीत दुरुस्त्या केल्या, प्रूफवालीने दुसऱ्या, म्युनिकवालीने दोन्ही एकत्र केल्या आणि त्या एकत्र करण्यात शेवटचे दोन परिच्छेद गळले. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण जिथे कथा तुटली ते वाक्यही शेवटच्या वाक्यासारखंच वाटत होतं. म्हातारा दारात उभा राहून पाऊस बघतोय. संपली. आधुनिक कथा आहे म्हणून आम्ही खूश.

अंक छापून आला. पाचशे प्रती. पहिली प्रत मास्तरांना पाठवली. दोन दिवसांनी फोन, आवाज एकदम शांत, "अहो, माझी गोष्ट संपलीच नाही. तो पुढे दार लावतो."

तर नियम असा, चालू फाइल एकच, तिच्या नावात तारीख आणि जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे ती आत्ता आहे त्याचं नाव. फाइल म्हणजे सामाईक बाथरूम, आत कोणी असेल तर बाहेर थांबायचं. आणि शेवटच्या प्रूफाला प्रत्येक लेखाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य मूळ हस्तलिखिताशी ताडून बघायचं. हे अर्ध्या तासाचं काम आहे. आणि त्या लेखाचं शेवटचं प्रूफ लेखकालाच पाठवायचं, तो सर्वांत आधी आपला शेवटच बघतो.

मास्तरांच्या गोष्टीचं काय केलं ते सांगतो. नवीन छापणं परवडणारं नव्हतं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून ते दोन परिच्छेद त्याच टाइपात, पानाच्या रुंदीएवढ्या चिठ्ठ्यांवर छापून घेतले, पाचशे, आणि माझ्या घरी जमिनीवर चटई टाकून बसलो. नाशिकवाला रात्रीची बस पकडून आला, सांगलीवाला दुपारीच पोचला होता, म्युनिकवाली लॅपटॉपच्या पडद्यावर, तिचं काम म्हणजे आम्हाला झोप लागू न देणं. एकाने अंक उघडून पान ८७ काढायचं, दुसऱ्याने चिठ्ठीच्या वरच्या कडेला डिंकाचं एक बोट फिरवायचं, तिसऱ्याने ती लावून तळहाताने दाबायची, प्रूफवाली मोजत होती आणि गठ्ठे बांधत होती. पहिल्या पन्नास प्रतींपर्यंत कोणी कोणाशी बोलत नव्हतं, कारण चूक नेमकी कोणाची हा विषय खोलीत बसलेला होता. मग नाशिकवाल्याने चुकून पान ७८ वर, एका पाककृतीखाली चिठ्ठी लावली. म्हणजे कोथिंबीर भुरभुरून सर्व्ह करा आणि मग म्हाताऱ्याने दार लावलं. आम्ही अक्षरशः लोळलो हसून. त्यानंतर पहाटे चारपर्यंत काम झालं, आणि मला नाही आठवत की त्याआधी किंवा त्यानंतर आम्ही पाच जण सलग इतका वेळ एकत्र बसलोय. ती पाककृतीवाली प्रत माझ्याकडे आहे, मागूनही देत नाही.

मास्तरांना चिठ्ठीवाली प्रत नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून बघितली आणि म्हणाले, "वाकडी लागलीये." मग चहा टाकला.

भाषेचं एकाच माणसावर सोपवा

हे छोटंच सांगतो. मराठी शुद्धलेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ ला वाढवलेले चार, एकूण अठरा, आणि तरीही पाच मराठी माणसांत सहा मतं असतात. निवेदनात 'असं' चालवायचं की 'असे', कंसातला पूर्णविराम आत की बाहेर, 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा हवा की कुठलाही चालेल (शासनाने त्याबद्दल २००९ मध्ये निर्णय काढलाय, पण फॉन्ट काय मिळेल त्यावर सगळं). यावर ग्रुपवर चर्चा सुरू होऊ देऊ नका, ती संपत नाही. प्रूफवाली एका पानाची यादी करते, आमच्या अंकात हे असं, बास. मला त्यातलं निम्मं पटत नाही आणि मी ते पाळतो. उलट झालं असतं तर तिनेही पाळलं असतं, बहुतेक.

१४७ पानं

छापखान्यात पानं सोळा-सोळाच्या गठ्ठ्यांत छापतात, त्या एका गठ्ठ्याला फॉर्म म्हणतात. आमचा अंक १४४ पानांचा, म्हणजे बरोब्बर नऊ फॉर्म. दरवर्षी काय होतं की सगळं लावून झालं की पानं भरतात १४७. तीन पानं कापायची किंवा तेरा पानं वाढवायची. तेरा वाढवली की कागद, छपाई, वजन, कुरिअर सगळंच वाढतं, म्हणून कापायची, आणि कोणाची कापायची हा प्रश्न रात्री साडेबाराला पाच दमलेल्या माणसांसमोर येतो. तेव्हा निर्णय घेऊ नका. आम्ही आता निवड करतानाच तीन-चार गोष्टी 'लवचीक' म्हणून खूण करून ठेवतो, दोन चित्रं, एक स्फुट, एक शब्दकोडं, आणि संबंधितांना आधीच सांगितलेलं असतं की जागा झाली तर. तसंच जाहिरातींचं. जाहिरातदाराला उजव्या हाताचं पान हवं असतं, आणि म्युनिकवालीला प्रत्येक कथा उजव्या पानावरून सुरू करायची असते. एका वर्षी नाशिकवाल्याने चार जणांना उजवं पान कबूल करून टाकलं, तिला न विचारता. तिने मग पूर्ण एक दिवस उत्तरच दिलं नाही कोणाला. बोलणं त्याचं असलं तरी कबूल करण्याआधी डमी (कुठल्या पानावर काय आहे त्याचा कच्चा आराखडा) उघडून बघायची, एवढीच अट आता.

पैसे, आणि जास्त-कमी काम

पैशाचं सोपं आहे कारण ते मोजता येतात. आम्ही प्रत्येकी दहा हजार घालतो, ते बुडाले असं समजूनच. खातं वेगळं, व्यवहार नाशिकवाला करतो, दर महिन्याला हिशेबाची शीट सांगलीवाला तपासतो. मित्राचा हिशेब तपासणं म्हणजे अविश्वास असं वाटतं ना? उलट आहे, नाशिकवाल्यानेच मागून घेतलंय ते, बँकेतला माणूस, म्हणाला माझ्यावर दुसरी सही हवी. जाहिरातीचे पैसे अंक निघाल्यावर येतात, काही संक्रांतीला येतात, काही येतच नाहीत, पण छापखान्याला आधी निम्मे द्यावे लागतात, हे लक्षात ठेवून आकडे करा. लेखकांना मानधन पहिल्या वर्षी दिलं नव्हतं, त्याची लाज वाटते. आता थोडं का होईना, देतोच, आमच्या खिशातले परत येण्याआधी.

कामाचं मोजता येत नाही, तिथे दुखतं. पाच जणांत कधीच सारखं काम होत नाही. कोणाचे वडील आजारी, कोणाची बदली, कोणाला बाळ झालं. आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतो जो म्हणतो की मीच सगळं करतो. आमच्यात तो मी होतो. दुसऱ्या वर्षी मी खरंच खूप करत होतो, पण का करत होतो ते बायकोने दाखवलं, कोणी काही करायच्या आधीच मी ते करून टाकायचो, आणि मग त्यांनी केलं नाही म्हणून चिडायचो. सांगलीवाल्याने एकदा फोनवर सांगितलं की अरे, तू मला प्रूफं मंगळवारी पाठवतो म्हणालास, मी बुधवारी सुट्टी टाकली, आणि बुधवारी सकाळी तू म्हणालास झाली माझी वाचून. माझी सुट्टी फुकट गेली आणि वर मी आळशी ठरलो. यावर मला उत्तर नव्हतं.

तेव्हापासून जूनच्या कागदावर अजून एक रकाना आहे, यंदा किती वेळ. आठवड्याला दोन तास, तर दोन तास. कोणी शून्य लिहिलं तरी चालतं, एका वर्षी प्रूफवालीने लिहिलं होतं, आई गेली होती तिची, नाव तरीही संपादकांत होतं आणि असणारच. नावं आम्ही आडनावांच्या अकारविल्हे लावतो, कोण वर कोण खाली ही कटकट नको. जेवढं लिहिलंय तेवढ्याबद्दलच विचारायचं. आणि दुसऱ्याचं काम उचलायचं असेल तर आधी विचारायचं, "मी करू का", आणि तो नाही म्हणाला तर गप्प बसायचं, उशीर झाला तरी.

व्हॉट्सॲपचे दोन ग्रुप ठेवा, एक कामाचा, एक गप्पांचा. कामाच्या ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकणाऱ्याला आमच्याकडे दंड आहे, पुढच्या भेटीत मिसळ. आणि रात्री अकरानंतर तिथे नाराजी लिहायची नाही, लिहावीशी वाटली तर सकाळी फोन करायचा. सकाळपर्यंत निम्मी उतरलेली असते.

हे सगळं कशाला

एवढे नियम ऐकून एकाने मला विचारलं, मग एकट्यानेच काढ ना अंक. काढू शकतो. पण मी एकट्याने काढला असता तर त्यात पेव नसतं.

पाचव्या वर्षी सांगलीवाल्याने एक लेख आणला, हरिपूरच्या पेवांवर. सांगलीची हळद पूर्वी हरिपुरात जमिनीत खोल पेवं खणून साठवायचे, वरून तोंड बंद केलं की आत हवा नाही, त्यामुळे कीड नाही, वर्षानुवर्षं माल टिकायचा. २००५ च्या महापुरात त्यातली कितीतरी पेवं गेली. लेख ज्यांचा होता त्यांनी तरुणपणी पेवात उतरून हळद काढायचं काम केलेलं, शिक्षण फारसं नाही, लेख म्हणजे सांगलीवाल्याने रेकॉर्ड करून उतरवलेलं बोलणं. पेव उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, हवा खेळू द्यायची, आणि मग अंधारात पाय हळदीला लागेपर्यंत दोर सोडायचा नाही. मला तो लेख नको होता. मी म्हणालो विस्कळीत आहे, वाक्यं अर्धवट आहेत, दिवाळी अंकात कोण वाचणार. चांगलं तासभर भांडलो. पण त्या वर्षी निवडीसमोर माझं नाव नव्हतं, त्याचं होतं. आणि भाषेसमोर प्रूफवालीचं, तिने एकही वाक्य 'नीट' केलं नाही, फक्त विरामचिन्हं घातली. म्युनिकवालीने पानाचा वरचा अर्धा भाग कोरा काळा ठेवला आणि मजकूर खाली, म्हणजे वाचताना खाली उतरल्यासारखं वाटतं. मला ते कधीच सुचलं नसतं, आणि शाईचा खर्च बघून नाशिकवाल्याने हरकत घेतली तीही बरोबर होती.

त्या वर्षी जी पत्रं आणि फोन आले त्यातले बहुतेक त्या लेखाबद्दल होते. एका बाईंचा फोन मीच घेतला, त्यांचे वडील तेच काम करायचे, त्यांना चार प्रती हव्या होत्या. "तुम्ही निवडला का हा लेख?" असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो, माझा मित्र आहे सांगलीचा, त्याचा नंबर देऊ का.

दिवाळीनंतरची बैठक चुकवू नका

तुळशीचं लग्न लागलं की एक बैठक. हिशेब, उरलेल्या प्रतींचं काय, आणि प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची जी पुढच्या वर्षी त्याला परत नको आहे. एकच, यादी नाही. बाकीच्यांनी त्यावर लगेच उत्तर द्यायचं नाही. कोणाला थांबायचं असेल तर इथे सांगायचं, जूनमध्ये नाही, आणि थांबणाऱ्याला कारण विचारायचं नाही. आमच्यातलं अजून कोणी थांबलं नाहीये, पण दोघांनी दोन वेळा विचार केला होता असं नंतर कळलं.

शेवटचा शब्द कोणाचा ही नावंही दर दोन वर्षांनी फिरवतो. नाहीतर एकच माणूस कायमचा सरपंच होऊन बसतो. यंदाचा कागद परवाच भरला. मुखपृष्ठ माझ्याकडे आलंय. ३१ जुलैपर्यंत सगळ्यांचं ऐकून घेणार आहे, मनापासून. मग हिरवं करणार.